सदाफुलीचं औषध यीस्टच्या टाकीत कसं बनवतात

सदाफुली सोलापुरात कुणी मुद्दाम लावत नाही, ती येतेच. कंपाउंडच्या फटीत, गटाराच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्याच्या गेटपाशी, एप्रिल-मेच्या उन्हात बाकीचं सगळं करपून जातं आणि ही आपली गुलाबी-पांढरी फुलं घेऊन उभी. या झाडाच्या पानांतून व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन अशी कॅन्सरची दोन औषधं मिळतात, त्यातलं व्हिन्क्रिस्टीन लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही पहिल्यापासून द्यायचं औषध आहे. आणि १ ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन काढायला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, व्हिन्क्रिस्टीनला तर १ ग्रॅमला २००० किलो. दोन टन पाला आणि हातात एक ग्रॅम.

पुढं जाण्याआधी एक सांगते, कारण हे मी दर वर्षी वर्गात पण सांगते. शुगर उतरते म्हणून रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खाणारे लोक आपल्याकडं भरपूर आहेत. कृपा करून हे करू नका. गंमत म्हणजे हे औषध सापडलं ते याच समजुतीमुळं. जमैकात लोक डायबिटीसवर या पानांचा काढा घ्यायचे, ती पानं १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या शास्त्रज्ञाकडं पोचली, त्यांनी उंदरांना अर्क देऊन बघितला तर शुगर काही विशेष हलली नाही पण अंगातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या आणि उंदीर इन्फेक्शनने मरायला लागले. मग चार्ल्स बीअर यांनी त्यातून नेमकं रसायन वेगळं काढलं, १९५८ ला ते जाहीर झालं, तेच व्हिन्ब्लास्टीन. म्हणजे जे रसायन कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवतं ते बोन मॅरोला पण सोडत नाही, डॉक्टर ते मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, रक्त तपासत तपासत देतात, सकाळी मूठभर पानं खाणं म्हणजे तेच औषध न मोजता घेणं.

आता प्रश्न असा की झाडात एवढं कमी का असतं. याचं उत्तर मला फार आवडतं. व्हिन्ब्लास्टीन हे दोन अर्धे रेणू जोडून बनतं, एक कॅथरँथीन आणि दुसरा व्हिन्डोलीन, दोन्ही पानात बऱ्यापैकी असतात, पण झाड कॅथरँथीन पानाच्या वरच्या मेणात नेऊन ठेवतं आणि व्हिन्डोलीन आतल्या पेशींमध्ये. दोघांची गाठ फारच कमी पडते. झाडाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, दोघं एकत्र येऊन बनणारं विष त्याला स्वतःच्या पेशीत जास्त नकोच असणार. झाड हे सगळं किड्यांपासून वाचायला करतंय, आपल्यासाठी नाही.

मग सरळ कंपनीत केमिकल रिऍक्शन करून का बनवत नाहीत, असं कुणी तरी विचारतंच, आणि सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत काम करणारं कुणी घरात असेल तर नक्कीच विचारतं. पॅरासिटामॉल असंच बनतं, छोटा रेणू आहे, थोड्याच पायऱ्या. व्हिन्ब्लास्टीनमध्ये एकटे कार्बनचेच ४६ अणू, त्यात कड्यांमध्ये अडकलेली कडी, आणि बऱ्याच कार्बनना डावं-उजवं असतं, एक जरी उलटं बसलं तरी वेगळाच रेणू होतो. प्रयोगशाळेत हे जमवलेलं आहे, पण प्रत्येक पायरीला थोडा माल वाया जातो, आणि पायऱ्या खूप असल्या की शेवटी हातात येणारा माल परवडत नाही. झाडाकडं मात्र प्रत्येक पायरीला एक एन्झाइम असतं, तो एन्झाइम एकच काम करतो पण डावं-उजवं चुकत नाही, आणि ते सुद्धा साध्या पाण्यात, नॉर्मल तापमानाला.

इथून खरी आयडिया सुरू होते. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, आणि प्रोटीन बनवायची कृती डीएनएमध्ये जीन म्हणून लिहिलेली असते. आणि ती लिपी सदाफुलीत, यीस्टमध्ये, माणसात, जवळजवळ सगळीकडं सारखीच. आपल्या चादरीच्या मागावर जॅकार्ड असतं ना, भोकं पाडलेल्या कार्डांची माळ वर फिरते आणि कार्ड सांगेल तेवढेच ताण्याचे धागे उचलले जातात, माळ बदलली की माग तोच, विणकर तोच, पण डिझाइन दुसरं. जीनचं असंच आहे. सदाफुलीची कार्डं यीस्टच्या मागावर चढवायची.

हे पहिल्यांदा जमलं ते इन्सुलिनमध्ये. आधी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायचे, १९७८ ला अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनची कृती ई. कोलाय बॅक्टेरियात घातली गेली आणि १९८२ ला ते औषध म्हणून बाजारात आलं. आज आपल्याकडं घराघरात पेन आहे, ते असंच बनलेलं. हेपेटायटिस बीची लस पण यीस्टमध्ये बनते. पण इन्सुलिन हे स्वतःच प्रोटीन आहे, म्हणजे कृती घातली की प्रोटीन तयार, काम झालं. झाडाची औषधं प्रोटीन नसतात. ती बनवायला एकामागं एक वीस, तीस एन्झाइम लागतात, पहिल्यानं केलेला माल दुसऱ्यानं उचलायचा, दुसऱ्याचा तिसऱ्यानं. एक जण जरी ढिला पडला की सगळी लाइन तिथंच तुंबते. म्हणून इन्सुलिन झाल्यावर इथपर्यंत यायला चाळीस वर्षं गेली.

यीस्टच का, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लवकर कळतं. एवढे साखर कारखाने, त्यांना लागून डिस्टिलऱ्या, तिथं मळी पातळ करून टाकीत घेतात आणि यीस्ट सोडतात, यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. ते यीस्ट, पावाचं यीस्ट आणि या प्रयोगशाळांमधलं यीस्ट एकाच जातीचं आहे. त्याचा पूर्ण डीएनए १९९६ लाच वाचून झालाय, सहा हजारच्या आसपास जीन्स आहेत, दीड-दोन तासात एकाचे दोन होतात. ई. कोलाय त्याहून जोरात वाढतो पण झाडांच्या या लाइनीत पी-४५० नावाचे काही एन्झाइम असतात, ते पेशीच्या आतल्या पडद्यावर बसून काम करतात, बॅक्टेरियात असा आतला पडदाच नाही, यीस्टमध्ये आहे. म्हणून अवघड रेणूंसाठी बहुतेक वेळा यीस्टच निवडतात.

तर सदाफुलीचं काय झालं बघा. आधी झाडाकडून सगळी कार्डं मिळवायला पाहिजेत, आणि झाड ती एका ठिकाणी ठेवत नाही. पानाच्या कुठल्या पेशीत कधी कुठले जीन्स चालू असतात ते वाचायचं, संशय आला तो जीन बंद करून बघायचा, काय तुंबलं ते मोजायचं, असं करत करत इंग्लंडमध्ये सारा ओकॉनर यांच्या टीमने २०१८ ला या लाइनीतले शेवटचे न सापडलेले एन्झाइम शोधून काढले. मग २०२२ ला डेन्मार्कमध्ये जे कीसलिंग, मायकल येन्सन, जिए झांग आणि त्यांच्या टीमने पूर्ण लाइन यीस्टमध्ये चढवली. झाडांचे ३४ जीन्स घातले, यीस्टचे स्वतःचे १० जीन्स काढले, मंद केले किंवा वाढवले, सगळे मिळून डीएनएमध्ये ५६ बदल. यीस्टला साखर दिली आणि त्यानं कॅथरँथीन आणि व्हिन्डोलीन बनवलं, ते दोन शेवटी बाहेर काढून केमिकल रिऍक्शनने जोडले की व्हिन्ब्लास्टीन. झाडात ज्यांची गाठ सहसा पडत नाही त्यांची टाकीबाहेर पाडली.

हे वाचायला सोपं वाटतं, पण यीस्टला या कामात काडीचा इंटरेस्ट नसतो. त्याला वाढायचं असतं. साखरेतला कार्बन त्याला स्वतःसाठी पाहिजे, आपण तो दुसरीकडं वळवतोय. मधले काही रेणू त्याला विषारी, तो ते पटकन मोडून टाकतो किंवा भलतंच काही तरी करतो. या प्रोजेक्टमध्ये झालं पण तसंच, यीस्टचेच काही एन्झाइम मधला माल उचलून दुसरीकडं नेत होते, म्हणून ते जीन्स काढून टाकावे लागले. आणि यातलं काय बिघडेल हे आधी कागदावर कळत नाही, एकेक बदल करायचा, यीस्ट वाढवायचं, मशीनवर मोजायचं, परत करायचं.

अशी बातमी वाचताना माझी नजर पहिल्यांदा एका आकड्यावर जाते, एका लिटरला किती माल निघाला. बातमीत तो बहुतेक वेळा दिलेलाच नसतो. "शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये कॅन्सरचं औषध बनवलं" एवढंच असतं, आणि व्हॉट्सॲपवर येईपर्यंत औषध स्वस्त पण झालेलं असतं. या २०२२ च्या कामात माल निघाला तो मायक्रोग्रॅममध्ये. हिशोब करून बघा, १ ग्रॅम म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम. लिटरला १०० मायक्रोग्रॅम धरले तरी १ ग्रॅमसाठी १० हजार लिटर पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तसा एक आख्खा टँकर, तो पण निर्जंतुक आणि त्यातून ते एवढंसं वेगळं काढायचं. म्हणून आज दवाखान्यात मिळणारं व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन अजून शेतातल्या झाडातूनच येतं, तमिळनाडूत शेतकरी सदाफुली पिकवतात. पण मी त्या कामाला कमी लेखत नाही. लाइन पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत यीस्टमध्ये चालू शकते हे त्यांनी दाखवलं, आणि एकदा ती चालली की वेग वाढवणं हे इंजिनिअरिंगचं काम उरतं.

वेग किती वाढू शकतो हे मलेरियाच्या औषधात दिसलंय. आर्टेमिसिनीन हे चीनमधल्या एका झुडपातलं औषध, तू योयो या बाईंनी १९७० च्या दशकात जुन्या चिनी वैद्यकाच्या ग्रंथात बघून ते काढायची पद्धत शोधली, त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण झुडूप लावल्यापासून औषध हातात यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि भाव खालीवर होत राहायचे, २००५ च्या सुमाराला किलोला ११०० डॉलरपर्यंत गेला होता. हे औषध यीस्टमध्ये बनवायचं काम कीसलिंग यांनीच अमेरिकेत बर्कलीला हाती घेतलं होतं, २००४ ला गेट्स फाउंडेशनने या कामाला ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. २००६ ला यीस्टमधून आर्टेमिसिनिक ॲसिड, म्हणजे औषधाच्या अलीकडचा रेणू, लिटरला १०० मिलिग्रॅम निघालं. २०१३ ला तोच आकडा लिटरला २५ ग्रॅम! अडीचशे पट. १५० माणसांनी एक-एक वर्ष राबावं एवढं काम त्यात गेलं असं कीसलिंगच सांगतात. सनोफी कंपनीने इटलीत कारखाना उभा केला, यीस्टमधून ॲसिड काढायचं आणि उजेडाच्या मदतीनं शेवटची रिऍक्शन करायची, जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली, २०१३ ला ३५ टन बनवलं, २०१४ ला त्यातून बनलेल्या गोळ्यांचे १७ लाख कोर्स आफ्रिकेत गेले.

आणि २०१५ ला त्या कारखान्यात आर्टेमिसिनीन शून्य. काहीच बनवलं नाही. कारण यीस्टचा माल किलोला साडेतीनशे-चारशे डॉलरला पडत होता, आणि तोपर्यंत शेतकऱ्यांनी लागवड वाढवली होती, झाडाचा माल अडीचशेच्या खाली आला होता. २०१६ ला कारखाना विकून टाकला. बरेच लोक याला फेल गेलं म्हणतात, मला ते पटत नाही. भाव परत भडकला तर दुसरा रस्ता आहे हे बाजाराला कळलं, ते सुद्धा किमतीचंच आहे. पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, झाडात एखादं औषध बऱ्यापैकी असेल, झाड वर्षात येत असेल, आणि हजारो शेतकरी ते लावायला तयार असतील, तर टाकीनं जिंकणं अवघड. आणि जिंकली असती तर चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेतल्या त्या छोट्या शेतकऱ्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि तो योग्यच होता. म्हणून मला वाटतं की टाकी तिथं पाहिजे जिथं झाडात औषध अगदी कमी आहे, झाड हळू वाढतं किंवा एखाद्याच भागात येतं. सदाफुलीचं औषध या हिशोबात बसतं.

चिलीतलं एक झाड आहे, क्विलाया, त्याच्या सालीतला साबणासारखा पदार्थ लशीचा जोर वाढवायला वापरतात. पुण्याच्या सीरमच्या मलेरिया लशीत याच सालीतून आलेला भाग आहे. त्यातला क्यूएस-२१ नावाचा रेणू २०२४ ला यीस्टमध्ये बनवला गेला, तोही अजून फार थोडा निघतो. अफूचं पण झालंय. स्टॅनफोर्डच्या क्रिस्टीना स्मोल्की यांनी २०१५ ला साखरेपासून थेबेन, म्हणजे अफूतला वेदनाशामक औषधांचा कच्चा माल, बनवणारं यीस्ट केलं, तेव्हा एका डोसला हजारो लिटर लागले असते, आज त्यांची कंपनी लाख लिटरपेक्षा मोठ्या टाकीत ते बनवते. घरी बसून कुणी नशेचं यीस्ट वाढवलं तर, ही भीती तेव्हा खूप बोलली गेली, आणि म्हणून असली यीस्ट कुलपात ठेवायची, मोजकीच माणसं आत जाणार, हे नियम लागतातच.

पण मला थांबायचंय ते धोतऱ्यावर. श्रावणात महादेवाला वाहतो तो. धोतरा, बेलाडोना या कुळातल्या झाडांमध्ये हायोसायमीन आणि स्कोपोलामीन असतं. हायोसायमीनचंच एक रूप म्हणजे ॲट्रोपीन, आणि ॲट्रोपीन काय आहे हे खेड्यातल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सला विचारा. शेतात फवारणी करताना विषबाधा झाली, किंवा कुणी कीटकनाशक प्यायलं, की ते ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक असेल तर पहिल्यांदा ॲट्रोपीनचं इंजेक्शन भरतात, परत परत, छाती मोकळी होईपर्यंत. स्कोपोलामीन गाडी लागण्यावर, ऑपरेशननंतरच्या उलटीवर, आणि त्यापासून केलेलं औषध पोटातल्या कळेवर. हे स्कोपोलामीन मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या ड्युबॉइसिया नावाच्या झाडातून येतं, म्हणजे तिथं वणवा लागला, दुष्काळ पडला, तर इथल्या औषधाच्या पुरवठ्यावर परिणाम.

२०२० ला स्मोल्की आणि त्यांचे विद्यार्थी प्रशांत श्रीनिवासन यांनी हे दोन्ही यीस्टमध्ये बनवले. त्यात एक अडचण भारी होती. लाइनीतला एक महत्त्वाचा एन्झाइम झाडात पेशीच्या एका वेगळ्या पिशवीत, व्हॅक्युओलमध्ये, काम करतो. यीस्टमध्ये तो त्या पिशवीपर्यंत पोचायचाच नाही, वाटेत अडकून बसायचा. मग त्यांनी त्याच्या डोक्याला लाल चमकणारं एक प्रोटीन जोडलं, ते मूळ समुद्रातल्या प्रवाळासारख्या एका प्राण्याचं, आणि तेवढ्यानं तो पोचला आणि काम करायला लागला. झाडं, बॅक्टेरिया, प्राणी, सगळ्यांकडून घेतलेले तुकडे एका यीस्टमध्ये. निघाला तो माल इथंही मायक्रोग्रॅममध्येच.

मग आपल्याकडं मळी आहे, यीस्ट आहे, डिस्टिलऱ्या आहेत, तर हे सोलापुरात का होऊ नये, असं विद्यार्थी विचारतात आणि मला तो प्रश्न फार आवडतो. साखरेचा प्रश्न नाही, औषधं किलोत लागतात, त्यासाठी जास्तीचा ऊस लावायची आणि उजनीच्या पाण्यावर अजून ताण द्यायची अजिबात गरज नाही. फरक आहे तो स्वच्छतेचा. डिस्टिलरीत दुसरे जंतू थोडे घुसले तरी यीस्ट एवढं जोरात वाढतं आणि अल्कोहोल करतं की ते बाकीच्यांना दाबून टाकतं. हे औषधाचं यीस्ट अशक्त असतं, ५६ बदल पोटात घेऊन हळूहळू वाढणारं, टाकीत एक साधा जंगली जंतू शिरला तरी तो याला मागं टाकतो आणि पूर्ण बॅच गटारात. म्हणजे स्टीलची बंद टाकी, वाफेने निर्जंतुक केलेली, गाळून आत सोडलेली हवा, शुद्ध साखर. आणि टाकीतून बाहेर आल्यावर रेणू वेगळा काढणं, स्फटिक करणं, सॉल्व्हंट परत मिळवणं, हे खर्चाचं अर्धं गणित. तो भाग चिंचोळीत औषधाच्या कच्च्या मालावर काम करणाऱ्यांना रोजचा आहे.

नियमांचं म्हणाल तर जीन बदललेले सूक्ष्मजीव हाताळायला आपल्याकडं पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत, लॅबपासून कारखान्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला कमिटीची परवानगी लागते. औषधाचं वेगळंच. रेणू अगदी तोच असला, झाडाचा कुठला आणि यीस्टचा कुठला हे शुद्ध केल्यावर ओळखू येत नाही, तरी बरोबर येणारी अशुद्धी वेगळी असते, म्हणून ती नव्यानं मोजून दाखवावी लागते. औषधात यीस्ट शिल्लक राहत नाही, ही भीती काढून टाका. २०२४ ला केंद्र सरकारनं बायोई-३ नावाचं धोरण आणलंय, जैविक पद्धतीनं माल बनवायला प्रोत्साहन द्यायचं असं त्यात आहे.

बीएस्सी मायक्रो किंवा बायोटेक करणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते की जीन कापणं-जोडणं शिकवणारे कोर्स खूप झालेत, टाकी चालवता येणारी माणसं कमी आहेत. पीएच का घसरला, फेस का आला, ऑक्सिजन कधी कमी पडतो, हे पुस्तकातून येत नाही. सुट्टीत ट्रेनिंगसाठी पुणे-मुंबईच्या मोठ्या नावांमागं लागण्याआधी जवळच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब केमिस्टला भेटून या, अर्ज गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला द्या, नंतर तिथं कुणाला बोलायला वेळ नसतो.